मुद्देमाल : दुधाच्या पावडरीचा एक डबा

(दृश्य : कोल्हापूर, कसबा बावडा, जिल्हा न्यायालय. सकाळ.)

व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला ती बसली आहे. मांडीवर पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. नाव आम्ही सांगणार नाही. चार घरची धुणीभांडी करते. तारीख असली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. शिवाजी चौकातून केएमटीच्या बसनं यायचं, पुकाऱ्याची वाट बघायची, पुढची तारीख घेऊन परत जायचं.

एका मोठ्या दुकानात तिनं नातवासाठी दुधाच्या पावडरीचा डबा पदराआड घेतला. दारातच पकडली गेली. "परत ठेवतो म्हणालो की, सायेब," ती सांगते. तोवर पोलिसांना फोन गेला होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, म्हणजे नवा फौजदारी कायदा, लागू आहे. कलम ३०३ मध्ये अशांसाठी एक वाट ठेवली आहे. माल ५,००० रुपयांच्या आतला, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळालेली, तर शिक्षा समाजसेवेची. इतक्या किमतीची चोरी अदखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक नाही.

पण पुढेच कलम ३०५ आहे. घरातली चोरी त्यात येते, तशीच माल ठेवायच्या इमारतीतलीही. दुकान त्यात बसवता येतं. मग सात वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. डबा तोच, बाई तीच. फिर्याद नोंदवताना कोणता आकडा पडतो, त्यावर सगळं ठरतं. तिच्या कागदावर ३०५ पडला.

दुकानदाराचं नुकसान खरं आहे. महाद्वार रोडवरच्या छोट्या दुकानात एक डबा गेला तर दिवसाची कमाई जाते. पण खटल्यानं त्याची भरपाई होते का? दुकानातलाच पोरगा साक्षीदार, त्याचाही दिवस मोडतो. हवालदार बंदोबस्त सोडून साक्षीला येतो. सरकारी वकील, कारकून, न्यायाधीश यांचा वेळ लोकांच्या पैशातून जातो. जामीनदार मिळाला नाही तर कळंबा जेल. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांत तिघं कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे.

१९५८ चा परिवीक्षा कायदा पहिल्या चोरीला ताकीद देऊन सोडायची मुभा न्यायालयाला देतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं वकिलासाठी कानातलं मोडलं.

(दृश्य : मुद्देमालाची खोली.)

खाकी कागद, सुतळी, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. आतल्या पावडरीची मुदत संपून गेली आहे. डबा सोडवून न्यायला अर्ज करावा लागतो, तेवढ्यासाठी दुकानदार फिरकला नाही.

नातू आता भाकरी कुस्करून खातो. पुढची तारीख सोमवारची आहे.