न टाकलेली पत्रं

श्रोतेहो, नमस्कार. चित्रांविषयी बोलायचं आणि तेही रेडिओवर, म्हणजे जरा आगाऊपणाच. तरी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. कागदावर हाताने लिहिलेल्या उर्दू ओळी, आणि त्यांच्यावरच काळ्या ठळक रेघांनी काढलेला घराचा नकाशा. पत्र वाचायला जावं, तर घर आडवं येतं.

हे काम झरीना हाश्मींचं, २००४ सालचं. ‘लेटर्स फ्रॉम होम’ या मुद्राचित्रांच्या, म्हणजे कोरलेल्या ठशांवरून कागदावर उमटवलेल्या चित्रांच्या, संचातलं. झरीना १९३७ साली अलीगढला जन्मल्या. पुढे आईवडील पाकिस्तानात गेले आणि त्या स्वतः न्यूयॉर्कला राहिल्या. पाकिस्तानातली बहीण त्यांना पत्रं लिही. आईवडील वारल्याचं, घर विकल्याचं. लिही, पण पोस्टात टाकत नसे. ती पत्रं पुष्कळ उशिरा झरीनांच्या हाती आली. चित्रातल्या ओळी त्याच पत्रांतल्या.

स्थलांतरितांची चित्रं म्हटलं की अर्धा चेहरा इकडचा आणि अर्धा तिकडचा, असं काहीतरी हमखास दिसतं. मला त्याचा कंटाळा येतो. इथे चेहराच नाही. उर्दू न येणाऱ्याला ती अक्षरं म्हणजे नुसती वेलबुट्टी, आणि येणाऱ्यालाही सगळं वाचता येत नाही. परकेपणा चित्रात रंगवलेला नाही. तो बघणाऱ्याच्या वाट्याला येतो.

दुसरे कलावंत दो हो सुह. जन्म दक्षिण कोरियातल्या सोल शहरातला, १९६२ चा. न्यूयॉर्कला राहत होते तेव्हा खोलीसमोरच अग्निशमन केंद्र होतं. रात्रभर भोंगे, झोपेचं खोबरं. आपण शेवटचे शांत झोपलो कुठे, असा विचार करताना त्यांना सोलचं आईवडिलांचं घर आठवलं. मग त्यांनी त्या घराची मापं घेतली आणि हिरवट, पारदर्शक रेशमात ते अख्खं शिवून काढलं, खऱ्या आकाराचं. खिडक्यांच्या जाळ्यांसकट. ते छताला टांगतात, खालून आपण वर बघायचं. प्रदर्शन संपलं की घडी घालून बॅगेत.

१९९९ च्या या कामाचं नाव मला विशेष आवडतं, आणि ते ऐकायचंच आहे, म्हणजे रेडिओलाही चालेल. घर जिथे टांगलं जाईल, त्या गावाचं नाव त्याला जोडलं जातं. एल. ए. म्हणजे लॉस एंजेलिस. सोल होम, एल. ए. होम, न्यूयॉर्क होम, बाल्टिमोर होम, लंडन होम, सिॲटल होम, आणि मग पुन्हा एल. ए. होम.