रात्री पंप कोण चालवतं?

नमस्कार श्रोतेहो. विषय जरा नाक मुरडण्याचा आहे, पण सुट्टी लागली की आपले बडोदेकर मुंबई-गोव्याकडे बोटीत बसायला निघतात, तेव्हा सांगून टाकतो. बोटीवरचा व्हॅक्यूम संडास.

घरच्या फ्लशला सहा ते नऊ लिटर पाणी लागतं. बोटीवर गोडं पाणी मोजकंच. म्हणून तिथे पंप पाइपातली हवा आधीच खेचून ठेवतो. पेडल दाबलं की भांड्याच्या तळाची झडप उघडते आणि अर्ध्याएक लिटर पाण्यात सगळं फटकन ओढलं जातं. मग पंप मिनिटभर घरघरतो आणि गप्प होतो. फ्लशनंतर घरघर, ठीक. फ्लशशिवाय घरघर, म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय.

माझा मावसभाऊ बोटींवर इंजिनीअर. मालकाच्या परवानगीने त्याने दांडिया बाजारातल्या आमच्या मामा-मामींना एक रात्र बोटीवर नेलं. जेवण झालं, मामींनी धनाडाळ खाल्ली. (धनाडाळ भाजलेली, मिठाची हवी, ते रंगीत गोड प्रकरण लग्नातच शोभतं.) बेसिन एवढंसं, म्हणून चूळ संडासाच्या भांड्यातच टाकली, फ्लश केला, झोपल्या.

थोड्या वेळाने घर्रर्र. दहा मिनिटांनी पुन्हा घर्रर्र. मामी अंधारात मोजतायत. शेवटी दिवा लावला. "अहो, कितीदा जाताय? शुगर तपासली होती ना?"

मामा पांघरुणातून म्हणाले, "मी हललोसुद्धा नाहीये."

"मग काय मी जातेय?"

भाऊ उठून आला. त्याने आधी भांड्यात बॅटरी मारली. तळाला एरवी असतं ते पाणी नव्हतं. तिथेच त्याला कळलं. पंपाचा स्विच बंद केला, हातमोजे घातले, पेडल दाबून धरलं आणि रबरी सीलच्या कडेवरून ब्रश फिरवला. निघाली काय, धनाडाळीची अर्धी डाळ! तेवढ्या फटीतून पाणी खाली आणि हवा आत. परत आल्यावर मामींनी मामांची शुगर तपासून घेतलीच. नॉर्मल निघाली.

तर पुन्हा सांगतो. पंप आपोआप चालतोय, आधी भांड्यातलं पाणी बघा. पाणी उतरलंय, सील पुसा. पाणी आहे तसंच, तर गळती पुढे, पंपाच्या झडपांत किंवा जोडांत. ते काम माहीतगाराचं.

वेळ संपत आली, बाकीचं भराभर. पेडल हलकं वर उचललं की पाणी भरतं, पूर्ण खाली दाबलं की फ्लश. दोन-तीन सेकंद दाबून धरा. मगने पाणी ओतत बसू नका, मैल्याची टाकी भरते. (आजवा तलावाचं पाणी सयाजीरावांनी बडोद्यात आणलं, आपण त्याने स्कूटर धुतो, तो विषय वेगळा.) ओले वाइप्स, पॅड, कापूस, काही टाकायचं नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड रबर खातं; क्षार साचले तर व्हिनेगर. आणि फ्लशच होत नसेल, तर पाना हातात घेण्याआधी फ्यूज आणि टाकीचा काटा बघा. काही बोटींवर टाकी भरली की पंप मुद्दामच बंद पडतो.