काटा बारावर येताना

श्रोतेहो, नमस्कार.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचं युनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करतात, तेव्हा टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागलं म्हणजे काम झालं, असं वाटेल. नाही. अजून वीज बाहेर गेलेलीच नसते. यंत्र ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्याला जोडायचंय, आणि ग्रीड कुणासाठी थांबत नाही. चालू लेझमीत शिरायचं तर आधी ठेका धरावा लागतो, तसंच हे.

कंट्रोल रूममध्ये सिंक्रोस्कोप नावाचं गोल तबकडीचं मीटर असतं. व्होल्टेज जुळवलं, फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा सेकंदाला पडणारा ठेका, ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ग्रीडची त्या घडीला जी असेल तिच्याजवळ आणली, की काटा हळूहळू घड्याळाच्या दिशेनं फिरतो. याचा अर्थ आपलं यंत्र ग्रीडपेक्षा किंचित पुढे धावतंय. तेच हवं असतं, कारण जोडल्याबरोबर त्यानं भार उचलायला हवा. मागे पडलं तर उलट ग्रीडकडूनच वीज ओढेल. काटा बारावर आला म्हणजे दोघांचा ठेका तंतोतंत जुळला. तिथे पोचण्याच्या जरासं आधी ब्रेकरला, म्हणजे यंत्र ग्रीडला जोडणाऱ्या स्विचला, मिटण्याचा हुकूम द्यायचा. ब्रेकर मिटायलाही क्षणाचा अंश लागतोच. हल्ली हे काम स्वयंचलित यंत्रणा करते, तरी ऑपरेटरची नजर काट्यावरून हटत नाही. काटा सहावर, म्हणजे ठेका अगदी उलटा असताना ब्रेकर मिटला तर प्रचंड प्रवाह उसळतो, शाफ्टला जबर हिसका बसतो, जनित्राच्या तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, निकामी होऊ शकतं.

एका यंत्राची ही तऱ्हा, तर दोन अख्खी ग्रीड जोडताना काय होत असेल? दक्षिणेचं ग्रीड बरीच वर्षं वेगळ्या ठेक्यावर चालत होतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत एसी विजेची डीसी, म्हणजे ठेकाच नसलेली एकदिश वीज करून, पुन्हा एसी करून ती पलीकडे पाठवायचे. त्यामुळे ठेका जुळवायची गरजच पडत नसे, पण वीज जाई ती यंत्रणेच्या कुवतीइतकीच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि देशाचं एकच ग्रीड झालं. माझ्या मते आपल्या अभियंत्यांची ही फार मोठी कामगिरी, आणि तिची हवी तेवढी दखल घेतली गेली नाही.

आता तामिळनाडूत मोठं युनिट ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, तर काही क्षणांत चंद्रपूरच्या मीटरवरही फ्रिक्वेन्सी खाली येते, आणि तिथला गव्हर्नर, म्हणजे टर्बाइनचा वेग सांभाळणारी यंत्रणा, आपणहून वाफेचा व्हॉल्व्ह थोडा उघडतो.