‘थोडंसं दुखेल’: तांबी बसवण्याच्या दहा मिनिटांची गोष्ट

(दृश्य: ट्रे, वरून)

हा ट्रे आत्ताच ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्रातून निघालाय, कापड अजून गरम आहे. डावीकडून बघत या. हा स्पेक्युलम, बदकाच्या चोचीसारखा. त्याच्या शेजारी लांब चिमटा, टोकाला दात असलेला, याला इथे सगळे वल्सेलम म्हणतात. मग ही बारीक सळई, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा आहेत. कात्री, बेटाडिनची वाटी, कापसाचे बोळे. आणि हे बंद पाकीट, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलंय, कॉपर-टी, आपल्या बायकांच्या भाषेत तांबी, दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवायचं साधन. ट्रेवर एवढ्या वस्तू आहेत पण दुखू नये म्हणून ठेवलेली त्यात एकही नाही.

(दृश्य: बाकडं, फक्त हात)

सातारा जिल्ह्यातलं हे एक ग्रामीण रुग्णालय. नाव घेत नाही, चेहरे दाखवत नाही, तशी बोली होती. म्हणून हात दाखवतोय. हिरव्या बांगड्यांचा हात, पदराचं टोक बोटाला गुंडाळतोय, सोडतोय, परत गुंडाळतोय. तिचं मूल अकरा महिन्यांचं आहे. आशाताईंनी घरी तीन फेऱ्या मारल्या तेव्हा आज ती आली, सासूबाई पण आल्यात, त्या बाळाला घेऊन बाहेर कडुलिंबाखाली बसल्यात.

तिला विचारलं, भीती कशाची वाटते. ती आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली की तांबी वर चढते म्हणतात, काळजापर्यंत जाते. शेजारची म्हणाली नवऱ्याला टोचते. या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात आणि सिस्टर त्यांना रोज तेच उत्तर देतात, की गर्भपिशवी वरून बंद असते, तिथून छातीकडे जायला वाटच नाही, आणि खाली फक्त दोन मऊ दोरे राहतात. हे सांगून झालं की समुपदेशन संपलं असं धरतात. पण पदर गुंडाळणारा हात थांबलेला नाहीये, कारण आत टेबलावर गेल्यावर काय काय होणार आणि कुठे कळ येणार हे तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही. तिने विचारलं होतं. उत्तर आलं, थोडंसं दुखेल.

(दृश्य: पत्र्याचा डबा उघडताना)

हा डबा एका निवृत्त सिस्टरबाईंचा. वय ऐंशीच्या पुढे, हात थोडे थरथरतात पण डब्यात काय कुठे आहे ते बरोबर माहितीय. हे बघा, पांढरं प्लॅस्टिक, एस अक्षर एकाखाली एक जोडल्यासारखं. लिपीझ लूप, तांबीच्या आधीचा. १९६५ साली सरकारच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात हा लूप आला, पुढे कानपूरला त्याचा कारखानाही निघाला. सिस्टरबाई तेव्हा नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. शिबिरं लागायची, शाळेच्या वर्गात पडदा लावून, बैलगाड्या भरून बायका यायच्या. पहिल्या एक-दोन वर्षांत देशभर लाखो लूप बसले आणि मग आकडा घसरला तो घसरलाच, कारण बायकांना अंगावरून जास्त जायचं, पोटात दुखायचं, आणि त्या परत आल्या तर त्यांचं ऐकायला शिबीर दुसऱ्या गावाला गेलेलं असायचं. सिस्टरबाई हे सांगताना लूप बोटावर फिरवतायत, आम्ही हा शॉट कापला नाही, मुद्दाम लांब ठेवलाय.

लूपनंतर तांब्याची आली. टी आकार अमेरिकेतल्या हॉवर्ड टेटम यांचा, आणि तांब्यामुळे गर्भ राहत नाही हे दाखवलं चिलीच्या हायमे झिपर यांनी, १९६० च्या दशकाच्या शेवटी. भारतात कॉपर-टी २०० आली १९७५ ला, ३८०ए आली २००२ ला. ३८० म्हणजे ३८० चौरस मिलिमीटर तांबं. ही बघा हातात, ३६ मिलिमीटर उंच, ३२ रुंद, काडेपेटीतल्या काडीपेक्षा आखूड. दहा वर्षं काम करते, पुढे आलेली ३७५ पाच वर्षं करते, सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, हार्मोन नाही, रोजची गोळी लक्षात ठेवायची नाही, शंभरातल्या नव्याण्णवहून जास्त बायकांना एका वर्षात दिवस जात नाहीत. मी हे सगळं मनापासून सांगतेय, मला तांबी चांगलीच वाटते, मी स्वतः वापरली आहे. आणि म्हणूनच बसवतानाच्या त्या दहा मिनिटांबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे या विषयावर तोंड उघडायला काय लागतं ते र. धों. कर्व्यांना विचारायला हवं होतं, १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. शंभर वर्षांनी आपण साधनाबद्दल मोकळेपणी बोलतो, भिंतीवर लाल त्रिकोण रंगवतो. दुखण्याबद्दल अजून कुजबुजतो.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, ११ वाजून १० मिनिटं)

आत कॅमेरा नेला नाही. पडद्याच्या या बाजूला घड्याळ आहे, आवाज आहे, आणि तिच्या परवानगीने तिचा एक हात आहे, टेबलाच्या लोखंडी कडेवर. जे दिसत नाही ते मी सांगते, कारण हेच तिला बाकड्यावर सांगायला हवं होतं.

आधी लघवीला जाऊन यायचं. मग मॅडम दोन बोटांनी आतून आणि दुसऱ्या हाताने पोटावरून पिशवी तपासतात, ती पुढे कललीय का मागे ते कळावं म्हणून. यात दाब जाणवतो, दुखत नाही सहसा. मग स्पेक्युलम, गार लागतो, अंग आखडून घेतलं की जास्त टोचतो. बेटाडिनने दोनदा पुसतात. इथपर्यंत तिचा हात शांत आहे, बघा.

११ वाजून १४. आता वल्सेलम. पिशवीच्या तोंडाची वरची कड त्या दातांनी धरतात, पिशवी सरळ रेषेत यावी म्हणून. इथे पहिली कळ. बोटं कशी वळली बघा. ही चिमट्याची कळ असते, अचानक येते, काहींना नुसती टोचल्यासारखी, काहींना जोरात.

११ वाजून १५. सळई. पिशवीची खोली मोजतात, बहुतेक बायकांची ६ ते ९ सेंटिमीटर भरते. सळई आतल्या अरुंद जागेतून जाते तेव्हा दुसरी कळ, ही खोल असते, पाळीच्या पहिल्या दिवसासारखी पण सगळी एकदम. कुणाला कंबरेत येते, कुणाला मांडीत उतरते. काहींना इथे घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पिशवीच्या तोंडाला ओढ बसली की नाडी आणि बीपी अचानक उतरू शकतं, त्यात तिचा भित्रेपणा वगैरे काही नसतो.

मग तांबी. पाकिटातच तिचे दोन्ही हात दुमडून नळीत भरतात, हात न लावता, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त दुमडून ठेवत नाहीत, नाहीतर ते परत नीट उघडत नाहीत. नळी आत टेकवायची, आतली दांडी स्थिर धरायची आणि नळी मागे ओढायची, की टी उघडतो. तिसरी कळ. मग दोरे कापण्याचा आवाज, तो आलाय आमच्या रेकॉर्डिंगमध्ये, कच्च असा. चिमटा काढला, रक्त येतंय का बघितलं, स्पेक्युलम काढला.

११ वाजून १९. हात टेबलावरून खाली आला.

नऊ मिनिटं. या नऊ मिनिटांत तिला म्हटलेली, बाहेर आम्हाला ऐकू आलेली वाक्यं आम्ही मोजली, सैल सोडा चार वेळा, हलू नका तीन वेळा, आणि झालंच आता दोन वेळा, त्यातलं पहिलं झालंच सळईच्या आधीच म्हटलं गेलं. मॅडम वाईट नाहीत, त्या दिवशी त्यांच्यापुढे ओपीडीची रांग होती आणि त्या एकट्या होत्या. पण डॉक्टरांचा दुखण्याचा अंदाज बाईच्या स्वतःच्या सांगण्यापेक्षा कमी भरतो हे अभ्यासांत दिसलंय. आणि जिला आधीपासून जास्त दुखण्याची धास्ती असते तिला खरंच जास्त दुखतं, हेही. म्हणजे बाकड्यावरचा तो पदर गुंडाळणारा हात हा उपचाराचाच भाग धरायला पाहिजे ना.

माझ्या वेळी मी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात होते, एसी होता, भिंतीवर बाळांचे फोटो होते, आणि वाक्य हेच होतं, थोडंसं दुखेल. माझं सिझर झालेलं, कळा कधी आल्याच नव्हत्या, पिशवीचं तोंड बाळासाठी कधी उघडलंच नव्हतं. अशा बायकांना आणि मूल न झालेल्यांना बसवताना जास्त दुखू शकतं. हे मला नंतर वाचून कळलं, टेबलावर मला वाटत होतं की माझंच काहीतरी बिघडलंय.

(दृश्य: औषधांचं कपाट, झूम)

आता हे कपाट. याच खोलीतलं, टेबलापासून चार पावलांवर. दुसऱ्या फळीवर बघा, लिग्नोकेन, जागा बधिर करायचं औषध. बाळंतपणात टाके घालताना हेच देतात. गर्भपातात पिशवी रिकामी करताना हेच इंजेक्शन पिशवीच्या तोंडाच्या बाजूला देतात, सरकारी मार्गदर्शनातच तसं आहे, आणि हे टेबल तेच, चिमटाही तोच. फक्त तांबीच्या वेळी कपाट उघडत नाही.

इंजेक्शन असं असतं. एक टक्क्याचं लिग्नोकेन, जास्तीत जास्त २० मिलीपर्यंत, थोडं चिमटा जिथे लावायचा तिथे आणि बाकीचं पिशवीच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ असतात त्या जागी. मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. सुई टोचतेच, हेही खरं सांगायचं. मूल न झालेल्या बायकांवरच्या अभ्यासात याने बसवतानाचं दुखणं कमी झालेलं आहे. सगळ्याच जणींना ते लागणार नाही, बाळंतपणानंतर येणाऱ्या कितीतरी जणी म्हणतात की काही कळलंच नाही. तर विचारायचं, पाहिजे का.

गोळीचं काय असं सगळ्याच विचारतात. आधी घेतलेली आयब्युप्रोफेन त्या तीन कळांना फार आवरत नाही, नंतर दिवसभर येणाऱ्या पेटक्यांना मात्र कामाची आहे. पिशवीचं तोंड मऊ करायची मिसोप्रोस्टॉल सरसकट देऊ नये असं आता सांगतात, त्याने उलट पेटके वाढतात.

२०२१ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या निवेदिका नागा मंचेट्टी यांनी रेडिओवर सांगितलं की कॉइल, म्हणजे तांबीसारखं साधन, बसवताना त्या किंचाळल्या, दोनदा शुद्ध हरपली. तिकडे मग बायका बोलायला लागल्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये लिहून टाकलं की बसवण्याआधी प्रत्येकीशी दुखण्याबद्दल बोला, तिच्याबरोबर बसून काय करायचं ते ठरवा, लिग्नोकेनचा उपयोग होऊ शकतो.

(दृश्य: घड्याळ, दुपारी १२ वाजून ४० मिनिटं)

त्याच दिवशी, तेच टेबल, दुसऱ्या मॅडम. ही ताई सिझरवाली, हात बघा, मेंदी अर्धी गेलेली. मॅडम आधी स्टूल ओढून तिच्या डोक्याशी बसल्या, बसून बोलल्या. तीन कळा येतील, तिन्ही कुठल्या ते सांगितलं, इंजेक्शन आहे, सुई टोचेल, हवं का. ती हो म्हणाली. थांबा म्हणालीस की मी थांबेन, असं सांगितलं, आणि सळईच्या वेळी ती थांबा म्हणाली तर खरंच थांबल्या. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी फक्त पंख्याचा आवाज आहे. सिस्टरनी तिचा हात धरलाय, तो धरा असं कुणी सांगितलेलं नव्हतं. पूर्ण वेळ चौदा मिनिटं. पहिल्यापेक्षा पाच जास्त.

जिला वाईट अनुभव येतो ती चार बायकांना सांगते, मग त्या येत नाहीत आणि पुढे ऑपरेशनच करून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, लग्न झालेल्या बायकांत तांबीवाल्या २.१ टक्के आणि नसबंदी केलेल्या ३७.९ टक्के. याला इतरही कारणं आहेत.

बसवल्यावर पहिले तीन-चार महिने पाळी जास्त जाऊ शकते, पहिल्या पाळीनंतर एकदा दाखवून यायचं, ताप आला किंवा पोटातलं दुखणं वाढतच गेलं किंवा दोरे लागत नसले तर लगेच जायचं.

(दृश्य: व्हरांडा, लांबून)

ही शेवटची फ्रेम लांबून आहे. आम्ही सामान आवरत होतो आणि मेंदीवाल्या ताईच्या ब्लाउजला लावलेला माइक काढायचा राहून गेला. नंतर तिला ऐकवलं, राहू दे म्हणाली, म्हणून ठेवलंय. बाकड्यावर एक नवीन पोरगी आलीय, विशीची असेल, हातातली पिशवी छातीशी धरून बसलीय. आणि ही तिच्या शेजारी टेकून सांगतेय, हळू आवाजात. आधी गार लागतं बघ. मग चिमटा लावतात तेव्हा एक कळ येते, मग मोजतात तेव्हा दुसरी, ती जास्त असते, मग एक शेवटची. इंजेक्शन माग. आणि थांबा म्हण, थांबतात त्या.