गिरणगावाचा इतिहास कोणाच्या तोंडून ऐकायचा?

मुंबईच्या गिरणी संपाविषयी कागदांची वाण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते होते आणि तो कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही, एवढे ग्रंथालयात बसूनही समजते. परंतु गिरणीच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव कधी चढलेच नाही, त्यांचा इतिहास त्या कागदांत सापडत नाही.

खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांचे पाहा. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून एकटे आलेले कामगार गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोल्यांत दाटीवाटीने राहत, पाळी संपली की चाळीतल्या एखाद्या बाईकडे जेवत आणि पगार झाला की महिन्याचा हिशेब चुकता करत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा या स्त्रियांच्या कष्टांची समाजाला थोडीफार दखल घ्यावी लागली. तरीही पगार बंद पडल्यावर कोणाला उधारीवर जेवू घातले, वाण्याला काय सांगितले, घरातले काय गहाण पडले, हे त्या बाईखेरीज कोण सांगणार? संपाची खरी झळ मोजायची असेल, तर मला हा हिशेब पुढाऱ्यांच्या भाषणांहून मोलाचा वाटतो.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभराहून अधिक मुलाखती घेऊन गिरणगावाचा जो इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने मांडला, त्याने ही वाट दाखवून दिली आहे.

आठवणींवर विसंबायचे कसे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावी लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पण इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना अनेकांनी तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात गेल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ही चूक खोडून टाकली नाही. आपला माणूस भाकरीच्या लढाईत गेला असे त्या गावाला का वाटत राहिले, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि नुसत्या तारखेने कधीच कळले नसते असे बरेच काही त्यांच्या हाती लागले. सन, तारीख कागदांवरून अवश्य पडताळावी, मात्र सांगणाऱ्याला मध्येच थांबवून दुरुस्त करू नये.

म्हणून प्रश्न कसा विचारतो याला फार महत्त्व आहे. ‘संप का फसला?’ असे विचारले, की वर्तमानपत्रात वाचलेलेच उत्तर परत मिळते. ‘त्या वर्षी गणपतीला गावी गेलात का, आणि परत कधी आलात?’ असे विचारले, की माणूस स्वतःचे बोलू लागतो, कारण संपकाळात असंख्य कामगार गावी परतले होते आणि संपाचा निम्मा इतिहास तिकडेच घडला आहे. बोलणे मालवणीत असेल तर ते मालवणीतच उतरवावे. मूळ ध्वनिमुद्रण काटछाट न करता जपावे, त्यावर स्थळ, तारीख आणि मुलाखत घेणाऱ्याचे नाव नोंदवावे, ते कोणाला ऐकवायचे हे सांगणाऱ्यालाच ठरवू द्यावे आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी.

संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे आणि त्याला जेवू घालणारी बाई बहुधा त्याहून वडील. तेव्हा आपल्यापैकी जे मुलाखती घेणार आहेत, त्यांनी लालबाग-परळइतकेच कणकवली आणि पाटणच्या वाड्यांतही जावे, आणि आधी त्या बाईला शोधावे.