करारावर नाव एकाचं, बिऱ्हाड दोघांचं

नमस्कार, श्रोतेहो. भाडेकरार ज्याच्या नावावर, तो माणूस गेला. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहणाऱ्याचं रक्ताचं नातं नाही, लग्न नाही. त्याने घर सोडायचं का? न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न एका बिऱ्हाडाने सोडवून घेतला.

लेस्ली ब्लँचर्ड आणि मिगेल ब्राशी हे दोघे जोडीदार. मॅनहॅटनच्या ईस्ट ५४व्या रस्त्यावरच्या भाडेनियंत्रित घरात १९७५ पासून एकत्र. करारावर नाव मात्र एकट्या ब्लँचर्डचं. सप्टेंबर १९८६ मध्ये ते वारले आणि नोव्हेंबरात मालकाची नोटीस आली. आता गंमत ऐका. भाडेकरूच्या मागे त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला काढता येत नाही, असा नियम होता. पण कुटुंब म्हणजे कोण, हे नियमात कुठेच नव्हतं! ब्राशींच्या बाजूला काय होतं? सामाईक बँक खातं, क्रेडिट कार्डं, लॉकर. ब्लँचर्डचं मुखत्यारपत्र यांच्याकडे, विम्यावर नाव यांचं. आणि इमारतीचे दरवान! ते दोघांना जोडपं म्हणूनच ओळखत. मला विचाराल तर दहा कागदांपेक्षा रोज दार उघडणाऱ्याची साक्ष भारी. जुलै १९८९ मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने चार विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, असा संसारही कुटुंब ठरू शकतो.

आजचा नियम थोडक्यात. भाडेकरूच्या मृत्यूच्या किंवा कायमचं घर सोडण्याच्या लगत आधी दोन वर्षं तिथेच राहायला हवं. दोन वर्षं, लक्षात ठेवा. हक्क सांगणारा ६२ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, अथवा अपंग असेल, तर एक वर्ष. मधला इस्पितळातला किंवा पूर्णवेळ शिक्षणाचा काळ खंड धरत नाहीत. त्याशिवाय नातं किती जुनं, घरखर्च वाटून होता का, मृत्युपत्रात नाव आहे का, चारचौघांत कुटुंब म्हणून वावरत होते का, हे सगळं पाहतात. एकच मुद्दा निर्णायक नसतो. शरीरसंबंधांचा पुरावा तर मागताच येत नाही.

आणि भाचा, पुतण्या? काका, मावशी? नियमात थेट वारस धरलेल्या नातेवाइकांची एक यादी आहे, पण ही नात्याची माणसंही तिच्यात नाहीत. त्यांनाही हाच पुरावा द्यावा लागतो. भाच्याने मामा आपलं माणूस असल्याचं सिद्ध करायचं! ही यादी मला कधीच पटलेली नाही.

दावे अडकतात ते पत्त्यावर. माणूस इथे राहतो, पण कराचं विवरणपत्र आणि वाहन परवाना आईवडिलांच्या पत्त्यावर. पुराव्याचा भार हक्क सांगणाऱ्यावर असतो, म्हणून पत्ता आधी बदला. पत्ता, श्रोतेहो, भाडेकरू हयात असतानाच.