"आज नको" म्हणणारा माणूस

ही खाली दिसतेय ती वास्कोची खारीवाडा जेटी. तारीख 1 ऑगस्ट. 61 दिवसांची मासेमारीबंदी काल रात्री संपली, डिझेल भरून झालंय, खणात बर्फ भरलाय, ओडिशा-झारखंडची खलाशी पोरं गावाहून परत आलीयेत, सगळं तयार आहे आणि तरी आमचा ट्रॉलर दोरखंडाला बांधलेलाच. माझा मामा ह्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान आहे. पहाटेपासून तो पाण्याकडे बघत उभा आहे, मालकाचा फोन तीनदा येऊन गेलाय, आणि तिन्ही वेळा मामाने तेवढंच सांगितलं, "आयज नाका." आज नको.

आता जरा वर बघा. ह्याच गावाच्या डोक्यावर, हेडलँड सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर अंगाला शर्ट चिकटतोय इतका दमटपणा आणि आत एक खोली आहे जिचं तापमान उणे 20 अंश, तिथे अंटार्क्टिकात ड्रिल करून काढलेले बर्फाचे लांब दांडे जपून ठेवलेत. गोव्यातूनच 6 डिसेंबर 1981 ला समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासिम आणि त्यांची 21 जणांची टीम पोलर सर्कल नावाच्या जहाजातून निघाली आणि 9 जानेवारी 1982 ला आपल्या मोहिमेची माणसं पहिल्यांदा त्या बर्फावर उतरली. 77 दिवसांत परत आली. पण पुढच्या मोहिमांतली सगळीच परत आली नाहीत, 1990 मध्ये तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठून चौघे झोपेतच गेले. आपण ते विसरलो, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मी हे सगळं का सांगतोय, तर गगनयानचा, म्हणजे आपला माणूस अंतराळात पाठवायच्या कार्यक्रमाचा, विषय निघाला की घरी, टपरीवर, सगळीकडे एकच प्रश्न येतो, एवढे पैसे ओतून, जीव धोक्यात घालून माणूस वर पाठवायची गरज काय?

पैशांचं आधी उरकून टाकतो. 2024 मध्ये सरकारने ह्या कार्यक्रमासाठी एकूण 20,193 कोटी मंजूर केले, त्यात एक नाही, आठ मोहिमा आहेत. 140 कोटी लोकांत वाटले तर डोई साधारण 144 रुपये होतात, तेही बऱ्याच वर्षांत मिळून, म्हणजे मासळीमार्केटात बांगड्यांचा एखादा वाटा. मला हा खर्च जड वाटत नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी, चांद्रयान-3 साधारण 615 कोटींत चंद्रावर उतरलं आणि त्यात माणूस नव्हता. मामाच्या मोबाईलवर मासळी कुठे मिळेल त्याचा जो मेसेज येतो तो समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा उपग्रहावरून मोजून बनतो, तिथेही कुणी माणूस बसलेला नाही. वादळाचा इशाराही तसाच. म्हणजे कोळ्यांना जो फायदा झालाय तो सगळा माणसाविना पाठवलेल्या यंत्रांमुळे झालाय, गगनयानच्या नावावर तो खपवू नये.

मग माणूस कशाला? तर 1972 चं अपोलो 17 बघा. दोन माणसं चंद्रावर तीन दिवसांत गाडीतून साधारण 35 किलोमीटर फिरली. मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी गाडीला 45 किलोमीटर जायला 14 वर्षं लागली, आणि ती गाडी काही वाईट नव्हती, उलट ठरवलेल्या दिवसांपेक्षा कितीतरी जास्त चालली. त्या दोघांमधला हॅरिसन श्मिट भूगर्भशास्त्रज्ञ होता, चालता चालता त्याला पायाखाली नारिंगी माती दिसली, तो थांबला, त्याने खणली, नमुना घेतला. हे थांबणं महत्त्वाचं आहे. सहा अपोलो मोहिमांतून 382 किलो दगडमाती आली आणि त्याच काळात रशियाच्या तीन यंत्रांनी मिळून आणली ती साधारण 300 ग्रॅम. म्हणजे बऱ्याच कामांना यंत्र पुरतं, पण आधीपासून माहीत नसलेलं काहीतरी ओळखायचं असेल तिथे माणूस लागतो. सड्यावरचे ते बर्फाचे दांडेसुद्धा माणसं तिथे जाऊन राहिली म्हणूनच आलेत ना.

म्हणून माझं म्हणणं, पाठवावा. पण जिवाच्या जोखमीबद्दल मला जास्त बोलायचंय.

1 फेब्रुवारी 2003. मी शाळेत होतो, शनिवार होता, संध्याकाळी टीव्हीवर आकाशात पांढऱ्या रेघा तुटताना दिसल्या आणि आई भाकरी थापता थापता तशीच उभी राहिली, हाताला पीठ. कर्नालची कल्पना चावला. तिच्या कोलंबिया यानाच्या लँडिंगला फक्त 16 मिनिटं उरली होती. नंतर कळलं ते जास्त वाईट होतं. 16 जानेवारीला उड्डाण झाल्यावर दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता, ते व्हिडिओत दिसलंही होतं, खालच्या इंजिनिअरांनी पंखाचे फोटो काढून घ्या म्हणून मागणी केली होती आणि ती वरती कुणी लावून धरली नाही. चॅलेंजर यानाचं तेच, 1986. आदल्या रात्री बूस्टरवाल्या इंजिनिअरांनी सांगितलं की थंडीत रबरी सील कडक होतात, उड्डाण नको. तरी केलं. 73 सेकंद आणि सात माणसं. स्पेस शटलच्या 135 फेऱ्यांत दोन यानं गेली, 14 जीव, आणि दोन्ही वेळा "आज नको" किंवा "आधी बघून घ्या" म्हणणारं माणूस तिथे हजर होतं.

माझ्या डोक्यात हे खारीवाड्यावरूनच बसलंय. एका वर्षी मामा दुसऱ्या एका ट्रॉलरवर होता, तांडेल वेगळा होता, मालक म्हणाला बाकीचे गेले तुम्हीच कसे राहिलात, आणि निघाले. अंधार पडल्यावर लाट आडवी आली आणि ओडिशाचा एक पोरगा गेला. एकोणीस वर्षांचा. त्याच्या घरी फोन करायचं काम मामाकडे आलं, आणि समोरचे लोक मराठी किंवा कोंकणी बोलत नव्हते, मामाला त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून दुसऱ्या पोराला फोन देऊन मामा बाजूला उभा राहिला. त्यानंतर तो तांडेल झाला तेव्हा त्याने मालकाला आधीच सांगून टाकलं, निघायचं की नाही ते मी ठरवणार.

म्हणून गगनयान लांबलं म्हणून जे टोमणे मारतात त्यांचा मला राग येतो. 2018 मध्ये लाल किल्ल्यावरून 2022 सांगितलं होतं, ते वर्ष गेलं, जाऊ दे ना! 21 ऑक्टोबर 2023 ला श्रीहरिकोट्यावर, संकटात सापडलेलं यान रॉकेटपासून ओढून बाजूला नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी होती. आधीच हवामानामुळे उशीर झालेला, लाखो लोक लाइव्ह बघत होते, आणि फक्त 5 सेकंद उरलेले असताना कॉम्प्युटरने काउंटडाऊन थांबवलं. इस्रोच्या इंजिनिअरांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि 10 वाजता उडवलं. यान बंगालच्या उपसागरात नीट पडलं, पण पाण्यात उलटं झालं होतं. आत माणूस नव्हता म्हणून ते कळून घेता आलं. 2025 च्या जूनमध्ये शुभांशु शुक्लांचं अंतराळ स्थानकाकडचं उड्डाणही रॉकेटमधल्या ऑक्सिजनच्या गळतीमुळे पुढे गेलं, पूर्ण दुरुस्ती करा असा इस्रोच्या लोकांनी आग्रह धरला होता. ते 25 जूनला गेले आणि 15 जुलैला सुखरूप परत आले. त्याच्या 41 वर्षं आधी राकेश शर्मा गेले होते, मधली एवढी वर्षं आपण थांबलोच होतो, आणखी दोन आठवड्यांनी काय बिघडलं?

अजून एक. कोलंबिया कोसळल्यावर चारच दिवसांनी आपल्या मेटसॅट उपग्रहाचं नाव कल्पना-1 केलं गेलं. तो हवामानाचा उपग्रह होता. पुढे कित्येक वर्षं अरबी समुद्रावरच्या ढगांचे फोटो तो पाठवत राहिला, म्हणजे मामाच्या डोक्यावर.

आता दुपार झालीये. मालकाचा चौथा फोन येऊन गेला. खणातला बर्फ सुटायला लागलाय, ते पाणी जेटीवरून वाहत आमच्या चपलांपर्यंत आलंय, म्हणजे आजचे बर्फाचे पैसे गेले. पोरं जाळ्यावर बसून पत्ते खेळतायत. मामा अजून उभाच आहे, हेडलँडच्या बाजूला जिथे लाटेचं टोक पांढरं होतंय तिकडे बघत. मी विचारलं, उद्या? तो म्हणाला, "फाल्यां पळोवया." उद्या बघूया.